मागे सीट नसलेली गाडी

बायको पुण्याला परत गेली त्याला आता पाच वर्षं होतील. सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला होता, सासूबाईंचे गुडघे आधीच गेलेले, आणि ही त्यांची एकुलती एक. सहा महिन्यांत येते म्हणून गेली. त्याच वर्षी मुलगी शिकायला नेदरलँड्सला गेली. शारजातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. मुलीची खोली बंद करून घेतली, कारण तिथला एसी उगाच चालू राहायचा. पुढे पुढे हॉलचाही वापर कमी झाला. मी बेडरूम आणि स्वयंपाकघर एवढ्यातच राहत होतो.

सवय होते म्हणतात. मला सवय झाली नाही, वेळापत्रक झालं. ऑफिस दुबईला. पहाटे साडेपाचला निघालं की जॅम टळतो, म्हणून साडेपाचला निघायचं आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच सीट मागे टाकून पाऊण तास पडायचं. संध्याकाळी मात्र जॅम चुकत नाही. दीड तास, कधी दोन. घरी येऊन तव्यावर पाकिटातल्या पोळ्या गरम करायच्या. साडेआठला बायकोचा व्हिडिओ कॉल. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, आज बाबांनी दोन घास जास्त खाल्ले, फिजिओथेरपीवाला आलाच नाही. वीस मिनिटांत सगळं बोलून व्हायचं. मग दोघंही एकमेकांकडे बघत बसायचो आणि कुणीतरी एक जण म्हणायचं, चला, ठेवते. किंवा ठेवतो.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी मी गाडीच्या एसीत गॅस भरायला इंडस्ट्रियल एरियात गेलो. गॅरेजवाला पेशावरचा, माझ्या ओळखीचा. त्याच्या दारात एक पिकअप उभी होती आणि पिकअपवर दोरीनं बांधलेली एक मोटरसायकल. शेजारी खाकी अर्ध्या चड्डीतला एक उंच, वाकलेला इंग्रज म्हातारा. गॅरेजवाला हात जोडत होता. मला बघून म्हणाला, "इंजिनियर साब, आप समझाओ इनको. ये मेरे दादा के जमाने का माल है, मैं नहीं खोलूँगा."

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे कारखान्यातल्या मोजमापाच्या यंत्रांचा माणूस. मोटरसायकलींशी माझा संबंध कॉलेजात संपला होता. पण ती गाडी बघून मी पिकअपवर चढलोच. सायकलीच्या सांगाड्यात कुणीतरी इंजिन अडकवावं तशी दिसत होती. पेट्रोलची टाकी नळकांड्यासारखी गोल, फिकट हिरव्या रंगाची. गिअर हातानं टाकायचा, टाकीच्या बाजूला दांडा. हँडलवर चिमणीच्या चोचीएवढे तीन-चार दांडे. पुढच्या चाकाला ब्रेकच नाही, दोन्ही ब्रेक मागच्या चाकाला. चालवणाऱ्यासाठी स्प्रिंगचं एक खोगीर, आणि त्याच्यामागे पत्र्याचं कॅरियर. दुसऱ्या माणसाला बसायला जागा नाही.

म्हाताऱ्यानं सांगितलं की ही त्याच्या आजोबांची. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात ज्यांना मोटारगाडी परवडत नव्हती त्यांच्यासाठी अशा गाड्या निघाल्या, हलक्या आणि स्वस्त. कारकून, पोस्टमन, गावोगाव फिरणाऱ्या नर्सेस त्या वापरत. त्याचे आजोबा गॅसच्या कारखान्यात कारकून होते आणि बावीस वर्षं रोज हिच्यावरून कामाला गेले. डबा कॅरियरला, पावसाचा कोट अंगावर. घरच्यांना फिरवायची गाडी ती नव्हतीच. आजीला कधी बसायला मिळालं नाही, असं म्हणून तो हसला.

मग त्यानं मला विचारलं, तुला जवळचं नीट दिसतं का? प्रश्न विचित्र होता. मी चष्मा लावून दिसतं म्हणालो. तो म्हणाला, "मला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. आता तुझा कान दिसतोय, चेहरा नाही." डोळ्यांचं दुखणं होतं आणि ते वाढत चाललं होतं. हातांना सगळं माहीत होतं, पण ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या पॉइंटमधली केसाएवढी फट हातांना कळत नाही. ती बघायला डोळे लागतात.

त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. कशासाठी गेलो ते मला नेमकं सांगता येणार नाही. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, हे एक कारण.

जुन्या वस्तीत त्याचं एकमजली भाड्याचं घर होतं, मागे पत्र्याची शेड आणि भिंतीनं वेढलेलं वाळूचं मोठं आवार. पाण्याच्या पाइपलाइनी टाकायला तो तरुणपणी या देशात आला होता. त्याची बायको आठ वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. मार्चमध्ये तो कायमचा इंग्लंडला बहिणीकडे जाणार होता, कारण या डोळ्यांनी एकटं राहणं आता जमणार नव्हतं. त्याआधी ही गाडी एकदा सुरू झालेली त्याला ऐकायची होती. तो ऐकायची म्हणाला, बघायची म्हणाला नाही.

पहिल्या शनिवारी कार्ब्युरेटर उघडला. आतला पितळेचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी, हलवल्यावर आतून खळखळ वाजत होती. कुठेतरी भोक होतं आणि आत पेट्रोल शिरलं होतं. मी तो फ्लोट रुमालात गुंडाळून घरी आणला. रविवारी पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात बुडवला. जोडाच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. ते भोक खिळ्याच्या टोकानं खुणेसाठी खरवडलं, आतलं पेट्रोल उडून जाईपर्यंत दोन दिवस तसाच ठेवला, मग डाग दिला. तीस वर्षांत हातात सोल्डरिंग आयर्न धरलं नव्हतं. पहिला डाग ढेकळासारखा बसला, कारण फ्लोट जड झाला तर उपयोग नाही हे मी विसरलो होतो. काढून पुन्हा दिला. पुन्हा पाण्यात बुडवला आणि एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा स्वयंपाकघरात उभा राहून मी एकटाच हसत होतो.

खोटं बोलायला तिथूनच सुरुवात झाली. शनिवारी दुपारी बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. रात्री तिनं विचारलं, कुठे होता? मी म्हणालो, साइटवर. रुवैसच्या रिफायनरीचं दुरुस्तीसाठीचं शटडाउन जवळ आलंय, आता शनिवारी बोलावणार आहेत. तोंडातून अगदी सहज निघालं. ती म्हणाली, या वयात सुट्टीच्या दिवशी राबवतात, काय माणसं आहेत.

मी खोटं का बोललो याचा नंतर मी पुष्कळ विचार केला. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण ती तिकडे बापाची कूस बदलत होती, दिवसातून चार वेळा कपडे बदलत होती, आणि मी इकडे कुणाच्या तरी आजोबांची गाडी दुरुस्त करत होतो. सांगायची लाज वाटली. हे झालं एक. दुसरं म्हणजे, इतक्या वर्षांनी माझ्याकडे माझं असं काहीतरी आलं होतं. ते फोनवर सांगितलं असतं तर त्या वीस मिनिटांतलं आणखी एक मिनिट झालं असतं.

चार महिने मी दर शनिवारी सकाळी सातला जात होतो. म्हाताऱ्याला मी सर म्हणायचो, तो मला इंजिनियर म्हणायचा. फार बोलणं होत नसे. तो हात पुढे करायचा आणि मी पाना द्यायचो. सुरुवातीला तो मागून घ्यायचा, नंतर नंतर मागावं लागत नसे. नट कुठल्या पान्याचा आहे हे तो बोटांनी चाचपून सांगायचा. मी बघून सांगायच्या आत. वायरींची कातडी गळून पडली होती, त्या सगळ्या नवीन ओढल्या. चेन रॉकेलमध्ये आठवडाभर भिजत घातली. दहा वाजता तो दूध घालून चहा करायचा. किटलीतलं पाणी कपात ओतताना एक बोट कपाच्या आतल्या कडेला धरायचा, म्हणजे पाणी वर आलं की कळतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उठलो. त्यानं ओळखलं आणि मला बसायला सांगितलं.

या गाडीत तेल फिरून परत येत नाही. टाकीला एक छोटा हातपंप आहे. चालवणाऱ्यानं चालवता चालवता काही अंतरानं तो दाबायचा, थोडं तेल इंजिनात जातं, जळतं, उरलेलं रस्त्यावर गळून जातं. दाबायला विसरलं की इंजिन जाम. त्याचे आजोबा म्हणे रस्त्यातली ठरावीक झाडं बघून पंप दाबत. म्हाताऱ्याला त्या झाडांची यादी पाठ होती. त्यानं ती मला एकदा म्हणून दाखवली, जशी लहान मुलं कविता म्हणतात.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत सगळं जोडून झालं होतं. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर, साडेसहालाच निघालो. उत्साहात फोन कारमध्येच राहिला, सायलेंटवर. ऑफिसच्या ग्रुपवर सुट्टीच्या दिवशीही मेसेज पडतात म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी तो सायलेंट करायचो.

मी फीलर गेजची पातळ पट्टी लावून पॉइंटची फट शेवटची तपासली. पेट्रोल सोडलं. त्यानं हँडलवरचे दांडे बोटांनी चाचपून जागेवर आणले आणि म्हणाला, मार. मी किक मारली. वीस, पंचवीस, तीस वेळा. शर्ट पाठीला चिकटला. काही नाही. प्लग काढून पुसला, पुन्हा लावला. त्यानं एक दांडा किंचित मागे घेतला. पुढच्या किकला इंजिन एकदा खोकलं, आणि त्याच्या पुढच्या किकला लागलं. निळा धूर शेडभर पसरला. आवाज मोठा नव्हता. शिलाई मशीन रिकामं चालवावं तसा, पण मधूनच एक ठोका चुकणारा. म्हातारा इंजिनापासून वीतभर अंतरावर कान धरून वाकून उभा होता आणि त्याचा चेहरा आवळला गेला होता. मी दुसरीकडे बघितलं.

मग त्यानं मला आवारात फेऱ्या मारायला लावलं. नंबरप्लेट नाही, रस्त्यावर काढायचा प्रश्नच नव्हता. वाळूवर मागचं चाक घसरत होतं, पहिल्या वळणावर मी भिंतीला लागता लागता वाचलो. त्या खोगिरावर बसून, पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले, मी गोल गोल फिरत होतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. तो मधोमध उभा राहून आवाजाच्या दिशेनं मान वळवत होता आणि दर दोन फेऱ्यांनी हात वर करून ओरडत होता, "तेल!" मी पंप दाबत होतो. मी किती फेऱ्या मारल्या ते माहीत नाही. इतका आनंद मला मुलीच्या जन्मानंतर झाला नव्हता असं त्या क्षणी वाटलं, आणि हे वाटलं होतं हे मी अजून विसरलेलो नाही.

मग दुपारपर्यंत इंजिन पुन्हा पुन्हा लावून बघितलं, चहा झाला, हात धुतले, दीड वाजता कारमध्ये येऊन बसलो. फोनवर एकोणीस मिस्ड कॉल. बायकोचे चौदा, मुलीचे पाच. मुलीचा मेसेज होता, "बाबा, व्हेअर आर यू? आजोबा इज गॉन."

सासरे तिकडच्या सकाळी नऊला गेले होते, म्हणजे इथल्या साडेसातला. मी तेव्हा किका मारत होतो. पहिला फोन घेतला असता तर दुपारच्या आधीचं विमान मिळालं असतं आणि चार-साडेचारपर्यंत मी पुण्यात पोचलो असतो. तिनं अंत्यविधी माझ्यासाठी थांबवून ठेवला होता. नातेवाईक किती वेळ थांबायचं म्हणत होते. तिकडच्या साडेतीनला, मी कारमध्ये बसून फोन बघत होतो त्याच्या थोड्याशा नंतर, तिनं स्वतः अग्नी दिला. मी फोन लावला तो चुलत मेव्हण्यानं उचलला. म्हणाला, ती स्मशानात आहे, आत्ता बोलू शकणार नाही.

रविवारी सकाळी मी पोचलो आणि थेट अस्थी गोळा करायला तिच्याबरोबर गेलो. उशीर का झाला हे तिनं तेव्हा विचारलं नाही. त्यानंतरच्या दिवसांतही नाही. माणसं येत-जात होती, चहा होत होता, ती सासूबाईंना हाताला धरून आत-बाहेर नेत होती. मला वाढताना भात पुरे का एवढंच विचारायची. फोन सायलेंटवर होता एवढंच मी सांगितलं होतं. मला वाटलं, त्यावर निभावलं.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. ती सासऱ्यांचे सदरे कुणाला तरी देण्यासाठी घड्या करून पिशवीत भरत होती. मी शेजारी बसलो होतो. हातातलं काम न थांबवता तिनं विचारलं, "अहो, त्या दिवशी कुठे होता तुम्ही?"

मी साइटवर असं म्हणायला तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, "मी ऑफिसच्या नंबरवर फोन केला होता. सिक्युरिटीवाल्यानं मग तुमच्या मॅनेजरला जोडून दिला. शनिवारी कुणालाच बोलावत नाहीत म्हणाला. शटडाउन वगैरे काही नाहीये."

मग मी सगळं सांगितलं. पेशावरवाला, म्हातारा, फ्लोट, गरम पाण्यातले बुडबुडे, आणि त्या सकाळी गाडी लागली ते. आवारातल्या फेऱ्याही सांगितल्या. ते सांगायला नको होतं असं सांगताना वाटत होतं, पण आता अर्धवट काही ठेवायचं नव्हतं. ती ऐकत होती. घड्या घालणं केव्हातरी थांबलं होतं.

"मला वाटलं होतं कुणी बाई असेल," ती म्हणाली. "पंधरा दिवस तेच धरून बसले होते."

"वेडी आहेस का तू."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इथे बाबांचं सगळं करत होतीस. तुला काय सांगू, मी मोटरसायकल दुरुस्त करतोय म्हणून?"

"हो. तेच सांगायचं." तिचा आवाज चढला नाही. "दिवसभर मी त्या खोलीत असायचे. लघवीचा वास, औषधांचा वास. रात्री तुमचा चेहरा दिसायचा आणि तुम्ही मला विचारायचे, फिजिओवाला आला का. चार महिने तुमच्याकडे हे सगळं होतं, आणि मला तुम्ही जॅम किती होता ते सांगत होता."

तिनं एक सदरा उचलला, त्याची कॉलर सरळ केली आणि पिशवीत न ठेवता बाजूला ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "तेल जळूनच जातं म्हणता, मग ते सारखं घालायला लागत असेल ना." मी हो म्हणालो. मग आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, गिअर हातानं कसा टाकायचा वगैरे. मी सांगत राहिलो. क्षमा केली का, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला शारजाला परतलो आणि शनिवारी म्हाताऱ्याकडे गेलो. घरात खोकी. गाडीतलं पेट्रोल आणि तेल काढून घेऊन तिला लाकडी पेटीत बंद केलं होतं, जहाजानं जायची होती. पुन्हा सुरू करून बघायचा प्रश्न नव्हता. दोन खोक्यांवर बसून आम्ही चहा घेतला. मी इतके दिवस का आलो नाही ते सांगितलं, आणि त्या शनिवारी काय झालं तेही. घरी खोटं बोलत होतो हेही सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला माहीत असतं तर मी तुला त्या दिवशी ठेवून घेतलं नसतं." आणि पुढे, "मला माहीत नव्हतं हे बरं झालं असं वाटतं. आणि तसं वाटतं याची लाज वाटते."

फाटकापाशी त्यानं हात मिळवला. माझ्या चेहऱ्याकडे बघण्यासाठी त्यानं मान बाजूला वळवली, कारण समोर बघितलं की त्याला मी दिसत नसे. पुढच्या आठवड्यात मी त्या वस्तीतून गेलो तेव्हा दारात रंगाऱ्याची शिडी होती.

बायको परत आली नाही. सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही आणि त्या इकडे यायला तयार नाहीत. बघू या म्हणते. मीही बघू या म्हणतो. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. शनिवारी काय करायचं हे मला पुन्हा सुचेनासं झालंय. एकदा-दोनदा उगाचच इंडस्ट्रियल एरियात जाऊन बसलो, पण पेशावरवाल्याला काम असतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी जॅममध्ये असतानाच तिचा फोन आला. नेहमीची वेळ नव्हती. मला धसका बसला, सासूबाईंचं काही असेल म्हणून. मी स्पीकरवर घेतला. ती म्हणाली, काही नाही, सहज केला. मग म्हणाली की आज तिनं पूर्ण तलावाची लांबी न थांबता पोहून काढली.

मला आधी समजलंच नाही. "कुठला तलाव?"

घराजवळच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची बॅच असते. बाबांना सांभाळायला बाई यायची, त्या तासाभरात ती जायची. आता आईजवळ शेजारीण बसते. आधी पाण्यात तोंड घालायलासुद्धा घाबरायची, म्हणाली.

"कधीपासून जातेस?"

"दोन वर्षं होतील."

"मला बोलली नाहीस."

"नाही बोलले," ती म्हणाली.

मला दुखलं. चोवीस महिने रोजची वीस मिनिटं, आणि कधी तिचा चेहरा रापलेला दिसला तर मी विचारलंही असेन, उन्हात फिरतेस का. तिनं हो म्हटलं असेल. माझ्या पुढची गाडी हलली, मागच्यानं हॉर्न दिला. मी दहा फूट पुढे जाऊन पुन्हा थांबलो. रागावण्याचा मला काही हक्क नव्हता, आणि तिनं हे उट्टं काढण्यासाठी सांगितलं नव्हतं हेही आवाजावरून कळत होतं. तिला सांगायचं होतं म्हणून सांगितलं होतं.

मी विचारलं, खोल बाजूला भीती वाटत नाही का. ती सांगायला लागली. मध्यापर्यंत तळाच्या फरश्या दिसतात, मग दिसेनाशा होतात, तिथे पहिल्यांदा पाय शोधत होते. त्यांच्या बॅचमधल्या एकीनं शेजारून पोहत पोहत तिला पलीकडे नेलं. दुसरी एक सत्तरीची आहे, ती पाठीवर पडून नुसती तरंगत असते आणि सगळ्यांना सूचना देते. पोहून झालं की त्या चौघीजणी समोरच्या गाडीवर पोहे खातात. ती त्या बायकांची नावं घेऊन घेऊन बोलत होती, कोण कुठे राहते, कुणाची सून कशी आहे. शारजाच्या हद्दीपर्यंत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. त्यातल्या एकीलाही मी ओळखत नव्हतो.